भोपळ्याच्या गोळ्या आणि मानाची जागा

अत-बाशी, भर हिवाळा

प्रिय साडूभाऊ एसेनकुल,

तुला आणि असिपाला सलाम. मुलंबाळं खुशाल ना? गुरंढोरं धडधाकट ना? (बिश्केकला तुझ्याकडे गुरं कुठली, पण ते विचारल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. बरं, मोटार धडधाकट ना?) इकडे बर्फ कुंपणाला टेकलंय, घोडी गाभण आहे आणि तुझी मेहुणी बुरुल माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम.

अरे, पत्र लिहायचं कारण म्हणजे आनंद पोटात मावत नाही! आमच्या लेकीचं, नाझिकचं लग्न मोडता मोडता ठरलं, आणि आपल्या वयाच्या पुरुषांच्या त्या दुखण्यावर (प्रोस्टेट रे, आता कागदावर कसली लाज) मला औषध सापडलं. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, तेव्हा नीट बसून वाच.

आपले कवायतीचे कुबानिच मास्तर आठवतात? ते हल्ली बाजारात कातडीवाल्यांशेजारी टेबल टाकून गोळ्या विकतात. भोपळ्याच्या बियांचं तेल, जस्त आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा ताडाचं फळ. (ताड मी जन्मात पाहिलेला नाही, पण ज्याला इतक्या लांबून आणतात त्यात काहीतरी असणारच.) मास्तरांचा आवाज अजून मैदानावरचाच. भर बाजारात ओरडले, "काय रे जोलदोश, धार बारीक झाली का?" मी म्हटलं, माझी नाही हो, एका मित्राची. कुठल्या मित्राची, तर घाईत तुझं नाव तोंडातून गेलं. रागावू नकोस. तेव्हापासून अख्खं गाव तुझी आस्थेने चौकशी करतंय.

मास्तरांनी बजावलं होतं, गोळी घ्यायची आणि वर भरपूर पाणी प्यायचं. आता या थंडीत पाणी कोण पितो? मी चहा धरला, दूध-मीठ घातलेला, वाडगेच्या वाडगे. गोळीचं बळ वाढावं म्हणून मधूनमधून आणखी एक वाडगा. अशा तयारीत आम्ही नाझिकची सोयरीक पक्की करायला कोचकोरला व्याह्यांकडे गेलो.

थोरले भाऊ गेल्यापासून आमच्या घराण्यातली पांढरी दाढी मीच, म्हणून मला बसवलं मानाच्या जागी, दाराच्या थेट समोर, पार टोकाला. आपल्यात माणूस जितका म्हातारा तितका दारापासून लांब. हा नियम ज्याने केला तो नक्की तरुणपणीच वारला असणार. दोन्ही बाजूंना मांडीला मांडी लावून पाहुणे, समोर रोट्या मांडलेला दस्तरखान. तो ओलांडणं म्हणजे पाप. ज्या मेंढ्याला कापण्याआधी मी दारात आशीर्वाद दिला होता तो अजून कढईत शिजत होता, आणि विहीणबाई माझी वाटी रिकामी राहू देईनात. त्यातून मान म्हणून अर्धीच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येते!

साडूभाऊ, माझे डोळे पाणावले. लोकांना वाटलं, लेकीच्या विचाराने बाप हळवा झालाय. शेवटी मला एकच गोष्ट दिसायला लागली, की वडीलधाऱ्याने हात वर करून आशीर्वाद दिला की सगळे उठतात. मी हात वर केले, घाईघाईत आशीर्वाद पुटपुटलो आणि 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवले. सगळे उठले. मी तीरासारखा बाहेर! आशीर्वाद झाला की जेवणही संपतं, हे त्या क्षणी डोक्यात शिरलंच नाही. मांस न खाता व्याही उठले म्हणजे सोयरीक नाकारली, हे तुला मी काय सांगायचं?

तबेल्यामागे मी उभा, आणि मागून व्याहीबुवा बेकतेमिर धापा टाकत आले. "व्याहीबुवा, आमचं काही चुकलं का? मुलगा पसंत नाही का? आत बायका रडताहेत हो!" मला धड वळता येईना, धड थांबता येईना. तसाच मान वाकडी करून म्हणालो, "मुलगा सोन्यासारखा आहे हो, माझंच यंत्र बिघडलंय!" ते शेजारी येऊन उभे राहिले, नाडी सोडली, बराच वेळ आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "मलाही तुमच्या आशीर्वादाने फार बरं वाटलं." दोघे इतके हसलो की तबेल्यातला घोडा उधळला!

आत जाऊन त्यांनी बेधडक ठोकून दिलं, की अत-बाशीकडे चहाचा आशीर्वाद वेगळा आणि मांसाचा वेगळा, आणि मुलीकडचे नम्रपणे दाराशी बसतात. वडीलधाऱ्याच्या मानाचं मेंढ्याचं डोकं माझ्यापुढे उंबऱ्याजवळ आलं. कोचकोरात आता आमच्या नम्रतेचे गोडवे गातात. लग्न वसंतात. सांग, गोळ्या नसत्या तर इतका चहा प्यायलो असतो का, आणि असा व्याही मिळाला असता का? तुझ्यासाठी ड्रायव्हरबरोबर दोन डबे पाठवतोय. नाव तुझंच आहे त्यांच्यावर.

तुझाच साडू,
जोलदोश

ता. क. असिपाला काही सांगू नकोस. तिला कळलं की सूर्य मावळायच्या आत बुरुलला कळतं.

ता. क. डबे पाठवतोय खरे, पण गोळ्यांचा गुण म्हणशील तर काडीचा नाही. व्याहीबुवाही त्याच घेतात. त्यांना शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, घ्यायच्या तर घ्या, पण आत काय चाललंय ते गोळी सांगत नाही, आधी तपासून घ्या.

ता. क. परवा गोठ्यामागे उभा राहिलो, तर बर्फावर लाल दिसलं. बीट खाल्लं नव्हतं. बुरुलच्या नजरेला पडू नये म्हणून पायाने बर्फ लोटलं. मी बुधवारच्या गाडीने येतोय. घरी सांग, लग्नाच्या खरेदीला आलोय. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आणि तू बरोबर चल. बाहेर बाकावर बसू नकोस, माझ्याबरोबर आत ये. मला भीती वाटते रे.