ढोलीचा नकाशा

ता. ६ एप्रिल

प्रिय भाऊजींस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी चादरी पिळत होते आणि एक कान चुलीवरच्या दुधाकडे होता. तुमचे दादा मागच्या पायरीवर चपलेचा अंगठा शिवत बसले होते. त्यांनी सुईनेच खूण केली, की पिळणं थांबव, पाण्याचा आवाज होतोय. परसातल्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी शिरली होती आणि आतून दार लिंपून घेत होती. चोच बाहेर निघेल एवढीच फट तिने ठेवली. आता पिल्लं जरा मोठी होईपर्यंत नर जे आणून भरवील तेच खायचं, असं दादांनी मला हळू आवाजात सांगितलं. दूध गेलंच उतू. तुमच्या पुस्तकात ही सकाळ तिसऱ्या प्रकरणात आली आहे, पण तिच्यात चादरीही नाहीत आणि दूधही नाही. असो, लेखक तुम्ही.

पुस्तक पारितोषिकाच्या शेवटच्या तिनांत आल्याचं वाचनालयातल्या बाईंकडून कळलं. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता तुमचंही नाव छापून आलं. दादा असते तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही थांबवून सांगत सुटले असते. बाकीची दोन पुस्तकंही मी आणून वाचली. पाणमांजरांच्या पुस्तकात फोटोच फार. गवतावरचं पुस्तक वाचताना दोनदा डुलकी लागली, पण शेवटी डोळे भरून आले. खरं सांगू का, ते तुमच्यापेक्षा चांगलं आहे. मनावर घेऊ नका. दुकानांच्या पाट्यांवरून वाचायला शिकलेल्या बाईचं मत ते केवढं.

आता दुखणं सांगते. तुमच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपल्या घराचा नकाशा आहे. तो हातात धरून रोज माणसं येतात. चांगली असतात, पाणी मागतात, दादांची चौकशी करतात. पण ती झाडाखाली उभी असली की नर ढोलीकडे येत नाही. या वर्षीही मादी आत आहे, आणि तो समोरच्या टाकीवर चोचीत फळ धरून बसतो, वाट बघतो आणि उडून जातो. काल दिवसभरात एकदाच आला. फाटकाशी उभं राहून लोकांना नाही म्हणायचा मला आता कंटाळा आला आहे. पाय भरून येतात. काय करू ते कळवा.

लोभ आहेच, तो या तक्रारीने आटणार नाही असं धरून चालते.

तुमची वहिनी


ता. १३ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, की नकाशा टाकू नका असं मी तेव्हाच बजावलं होतं. तिचं बरोबर होतं हे मी तिच्यासमोर कबूल केलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

वहिनी, दादा गेल्यावर मला वाटे, आता त्या झाडाकडे कोण बघणार. म्हणून मागाहून नकाशा घातला. माणसं येतील, दादांच्या पायरीवर घटकाभर बसतील, एवढंच मनात होतं.

तरी एक मागणं आहे. येत्या रविवारी पारितोषिकाचे तिघेही परीक्षक तुमच्याकडे येतील. पुस्तकातली जागा ते स्वतः पाहतात, आणि त्या वेळी लेखकाने तिथे थांबायचं नाही असा नियम आहे. तेवढा एक दिवस मागचं फाटक उघडा, मग खुशाल कुलूप लावा. सहा वर्षं यात गेली, आणि या वयात माझ्या हातून दुसरं पुस्तक होणार नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, तरी लिहितो.

तुमच्या रागाचा आणि लोभाचाही हक्कदार,
धाकटा दीर


ता. २२ एप्रिल

प्रिय भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फाटकाची किल्ली मी पदराला बांधून ठेवली होती. उघडायचंच ठरवलं होतं, तुमच्यासाठी. पण त्याआधीच नकाशावाले चौघे गल्लीत येऊन कुंपणाला टेकले होते, आणि नर सकाळपासून फिरकला नव्हता. ढोलीच्या फटीतून चोच बाहेर यायची आणि परत आत जायची. ते बघितल्यावर माझा हात किल्लीकडे जाईना.

परीक्षकांना पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि फाटक उघडणार नाही असं सांगितलं. त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ म्हणाले, की एवढ्या लांबून आलो, दहा मिनिटांनी काय बिघडतं. मी म्हटलं, की जो येतो तो दहाच मिनिटं मागतो. त्यावर त्यांच्यातल्या एका बाईंनी तुमचं पुस्तक उघडून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं आणि शांतपणे विचारलं, की मग लेखकाने हे का छापलं. मी सांगितलं, की त्यांचे भाऊ वारले, आणि घरी माणसं यावीत असं त्यांना वाटलं. बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं, आणि चहा अर्धा टाकून तिघं गेली.

भाऊजी, पारितोषिक बहुधा गेलं, आणि माझ्यामुळे गेलं. तुमची सहा वर्षं मी पाहिली आहेत. दादांच्या उशाशी बसून तुम्ही त्यांना प्रकरणं वाचून दाखवत होतात, आणि ते डोळे मिटून दुरुस्त्या सांगायचे. तरी मी फाटक उघडलं नाही. रागवायचं तर हक्काने रागवा, पण पत्र टाकायचं थांबू नका.

गल्ली रिकामी झाल्यावर नर आला. फटीतून फळं भरवली, गेला, आणि परत आला. मी खिडकीमागे उभी होते. कप विसळायचे राहिले.

दुसऱ्या आवृत्तीत ते पान घालू नका. बाकी एका शब्दालाही हात लावू नका, दादा त्यात होते तसे आहेत.

तुमची पाठराखण करता आली नाही, पण माया जराही कमी नाही, एवढं जाणून असा.

तुमची वहिनी

ता. क. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले, बाईंना आधी सांगितलं, आणि तिथल्या प्रतीतलं नकाशाचं पान ब्लेडने कापून काढलं.