बिब्ब्याचे पाच डाग

आई, तुझी नात आत गेली आहे आणि मी बाहेर कडुलिंबाखाली बसले आहे. आत म्हणजे सैन्याच्या दवाखान्यात, तिसऱ्या तपासणीला. ही शेवटची. इथे नाकारलं तर पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटून जाईल, म्हणजे विषय संपला. गेटवरचा जवान मला दोनदा म्हणाला की वेळ लागेल, घरी जा. घर नांदेडला आहे, हे त्याला सांगून काय उपयोग. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही, म्हणून कागद काढला. तुला पत्र लिहिणं तसं कधी झालंच नाही. तुला वाचता येत नसे, म्हणून कॉलेजातून लिहायचे ती वडिलांच्या, दादांच्या नावाने. ते ओसरीत बसून मोठ्याने वाचायचे आणि तू आतून भाकरी थापत ऐकायचीस. तुला कळवायचं पण दादांना कळता कामा नये असं काही असलं, की मला ते लिहिताच यायचं नाही.

मुलगी अधिकारी होण्यासाठीच्या सगळ्या परीक्षांत निवडली गेली. लेखी झाली, मुलाखतींचे दिवस झाले, आणि वैद्यकीय तपासणीत तिच्या बेंबीभोवतीच्या पाच डागांवर गाडी अडली. तपासणारा डॉक्टर तरुण, दूरच्या मुलखातला. त्याने असले डाग पाहिलेले नव्हते. हल्ली दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करतात, तिच्या खुणा साधारण अशाच दिसतात म्हणे. त्याने विचारलं, हे काय? हिने खरं ते सांगितलं, की लहानपणी पोट दुखू नये म्हणून आजीने बिब्ब्याचे डाग दिले. तो म्हणाला, भाजावं लागावं इतकं पोट दुखत होतं, मग आजार कोणता होता? ऑपरेशन झालं का? ही म्हणाली, मला माहीत नाही. झालं. जुना पोटाचा विकार, शस्त्रक्रियेची शक्यता, अपात्र. अपील केलं तेव्हा सोनोग्राफी झाली. पोटातलं सगळं जागच्या जागी निघालं, तरीही डागांचं कारण समाधानकारक नाही म्हणून पुन्हा अपात्र. आपल्याकडे पाचवीला, जन्माच्या पाचव्या दिवशी, प्रत्येक लेकराला डाग देतात, आजारी असो नसो, काजळ घालावं तसे देतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या डॉक्टरला तरी कुणी सांगायचं?

ती पाचवी मला आज सकाळपासून दिसते आहे. मी बाळंतपणाला तुझ्याकडे आलेली, न्हाणीत आहे. स्वयंपाकघरातून लेकराचं रडणं येतं, भुकेचं नव्हे, वेगळंच. मी ओल्या केसांनी धावत येते तर तू चुलीपुढे बसलेली, मांडीवर नात, एका हातात दाभणाला टोचलेला बिब्बा, शेजारी दिवा. चार डाग देऊन झालेले. मी ओरडते, "आई, काय करतेस!" तू वर न बघता पाचवा देतेस आणि मग म्हणतेस, "झालं. आता वरड." मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, बिब्ब्याच्या तेलाने कातडी कशी जळते हे मुलांना फळ्यावर लिहून देणारी. मी तुला नाही नाही ते बोलले. तू खोबरेल तेलाचं बोट लेकराच्या पोटावर फिरवत होतीस. सगळं ऐकून झाल्यावर म्हणालीस, "तुला बी मीच दिलेत. कालेजात गेलीस न्हवं? का तितं बेंबी बघून घेतलं?" मी ठरल्याच्या आधीच नांदेडला निघून गेले. माझं तेव्हाचं मत आजही तेच आहे, आई. तान्ह्या लेकराला भाजू नये. ते तुझ्यासाठी सुद्धा बदलणार नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथे कॉलेजात होते, आठवतं? तू निलंग्याहून एसटीने आलीस, डोक्यावर ज्वारीच्या पिठाची गाठोडी. मी तुला उत्साहाने दाखवत होते, हे कलेक्टर ऑफिस होणार, हे अमुक होणार. तू ऊन अंगावर घेत सगळं बघितलंस आणि विचारलंस, "जिल्हा झाला म्हंजी काय झालं? नळाला पानी आलं का?" मैत्रिणी हसल्या, मला राग आला. यंदा त्याच लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तू असतीस तर नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस.

खंडपीठात याचिका केली. वकील म्हणाले, ही प्रथा सरसकट आहे आणि तिचा आजाराशी संबंध नाही, हे दाखवणारी माणसं आणा. म्हणून मी ऐन उन्हाळ्यात गावी गेले. घरोघर फिरायची गरज पडली नाही, टँकर येणार होता आणि सगळं गाव घागरी घेऊन एका जागी उभं होतं. मी रांगेत शिरून एकेकाला विचारू लागले. तुला सांगते, अर्ध्या गावाच्या पोटावर तुझं अक्षर आहे. बाकीच्या बायका तीन देत, वेडेवाकडे. तुझे पाच, वर दोन, खाली दोन आणि एक उजवीकडे, ओळखू येतात. पलीकडच्या गल्लीतला तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा फौजी आठवतो ना, भरती होऊन गेलेला? आता हवालदार होऊन पेन्शनीवर आला आहे. मला बघून म्हणाला, "अक्का, तुमी मास्तरीण, अन् लोकांचे सदरे वर करून बघून राहिल्या व्हय?" त्याची बायको मागून म्हणाली, "बघा की ह्यांचं बी. पोट नगाऱ्यावानी झालंय, ठिपके घावले तर घावले." घावले. ताणून रुंद झालेले, पण पाचच्या पाच. मी विचारलं, "भरतीच्या वेळी कुणी काही म्हणालं नाही?" तो म्हणाला, "डॉक्टरनं बोट लावून इचारलं, ये क्या है. मी म्हनलो, साब, हमारे गाव में सब को है. तो म्हनला, आगे चलो. आन् तवापासून फुडंच चाललो की, पार बर्फापर्यंत."

एवढं पुरेसं होतं. पण वकिलांनी तयार केलेल्या प्रतिज्ञापत्रात तुझ्याबद्दल लिहिलं होतं, अशिक्षित व अंधश्रद्धाळू आजीने अघोरी प्रथेनुसार. फौजीने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "काकूला असं लिवलं तर मी सही करत न्हाई. तिच्या हातानं गावातलं एक लेकरू बिघडलं न्हाई." वकील माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, कोर्टासाठी लिहावं लागतं." मी त्यांना म्हटलं, अशिक्षित राहू द्या, ते खरं आहे, तिने कधी लपवलं नाही. बाकीचे दोन शब्द काढा. त्यांनी काढले. मग फौजीने सही केली, मीही केली.

सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकील म्हणाले की वैद्यकीय मंडळाच्या मतात न्यायालयाने शिरू नये, आणि ते काही चूक म्हणत नव्हते. न्यायमूर्ती म्हणाले, आम्ही डॉक्टर नाही, शिरत नाही. पण ज्या खुणा घेऊन एक माणूस पूर्ण नोकरी करून आला, त्याच खुणांवर हिला का नाकारलं, एवढं आम्हाला समजावून सांगा. सरकारी वकिलांनी मंडळाचा तोच अहवाल पुन्हा वाचून दाखवला. नवं मंडळ नेमा, त्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला एक शल्यचिकित्सक घ्या, असा आदेश झाला. पात्र ठरवा असं कोर्ट सांगत नाही. पुन्हा तपासा, एवढंच सांगतं. म्हणजे आज आतली माणसं काय लिहितील त्यावर सगळं.

सकाळी निघताना पोरगी म्हणाली, "आई, आज विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, खरं तेच, पण पूर्ण सांग. पाचवीला देतात, सगळ्यांना देतात, मला आजार नव्हता. तिने ते धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं आणि मग म्हणाली, "तू ना, मला नापास करायला आल्यासारखी बघतेस." खरं असेल. माझा चेहरा तसाच आहे, तुझ्यावर गेलेला.

एवढा वेळ का लागतो आहे कळत नाही. तिच्याबरोबर आत गेलेली दोन मुलं बाहेर आली, रिक्षा करून गेली. गेट उघडलं की मी उठते, पुन्हा बसते. हा कागद घडी करून पिशवीत जाईल. तुला वाचून दाखवायला दादाही राहिले नाहीत. आणि असते तरी हे शेवटचं मी त्यांना वाचू दिलं नसतं. कालपासून माझ्या पोटात पीळ पडतो आहे, सकाळचा चहाही उतरला नाही. मघाशी पदराखाली हात नेला तर बोटं आपोआप त्या पाच जागांवर गेली. माझे डाग आता डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. वर दोन, खाली दोन, उजवीकडे एक. मी विज्ञानाची बाई आहे आणि याला काही आधार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हात तिथेच ठेवून बसले आहे. कुणाला सांगू नकोस, आई, थोडं बरं वाटतंय.