दिसतं ते सांगणं

ती. दादा,

वर्ल्ड कपची सेमीफायनल संपली आणि आमच्या साहेबांनी मला झापलं. "तुम्ही फुटबॉल खेळलात म्हणून माइक दिला. पण हा टीव्ही आहे, रेडिओ नाही. बॉल कुणाकडे, गोलकीपर कुठे, हे लोकांना दिसतं! पुन्हा सांगत बसलात तर घरी बसाल."

मी मान डोलावली. तुझे डोळे गेल्यापासून मी असा बोलतो, हे त्यांना सांगितलं नाही. तुलाही नाही. कळलं तर तू टीव्हीच बंद करशील. तुझा ताठा मला ठाऊक आहे. हे पत्रही वहिनी तुला वाचून दाखवणार आणि तुला कळणार, म्हणून पेटीत टाकत नाही.

उद्या फायनल. साहेबांना काय करायचं ते करू देत. शिट्टी वाजायच्या आत मी सांगेन, लाल जर्सीवाले डाव्या हाताला आहेत.

तुझा,
धाकटा