कॉम्प्युटर आता आपणहून उघडतो

बाईसाहेब,

कॉम्प्युटर आता बटण दाबलं की चित्रांसकट आपणहून उघडतो. काही लिहावं लागत नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायची हौस माझी, ती तुझ्या माथी मारली, हे चुकलंच. काल "नुसतं स्टार्टएक्स लिही आणि एन्टर मार" असं तोऱ्यात सांगून मी मोबाइल खिशात घालून फिरायला गेलो. शेवटी फक्त एक्स हे अक्षर हवं होतं. तू ऐकलंस तसं ई-के-एस लिहीत राहिलीस. तिकडे लेक बाळाला घेऊन ताटकळली आणि नातीचं पहिलं दर्शन हुकलं. वर मी हसलो. "अहो, तुमची हुशारी तुमच्यापाशीच ठेवा," म्हणालीस, त्यानंतर अवाक्षर नाही.

लेक चार वाजता पुन्हा व्हिडिओ कॉल करणार आहे. हिरवं बटण दाब, बस्स. मी मुद्दाम बाहेर पडलोय. सकाळी मी खाली बाकावर बसलो असताना ती मला मोबाइलवर बाळ दाखवायला लागली, तेव्हा मी डोळे गच्च मिटून "आधी आजी" म्हटलं. तिला वाटलं, बाबा झोपेत बरळतायत.

तुझं पोटभर बघून झालं की खिडकीतून हाक मार. खाली बाकावरच आहे.