भावोजींचा रोजचा मेसेज

५ मार्च
पोचलो एकदाचा ताईकडे! नोकरी गेल्यापासून घरी आई डोकं खात होती. इथे वरची अख्खी खोली माझी एकट्याची. ताईने आल्या आल्या कामाला जुंपलं. जिन्याखालच्या कपाटात भावोजींनी दहा वर्षांपूर्वी मांडलेला लिनक्सचा सर्व्हर धापा टाकतोय. घरचे फोटो, दारांची इलेक्ट्रॉनिक कुलुपं, सगळं त्याच्यावर चालतं. भावोजी दोन वर्षं जहाजावर, त्यामुळे नवी सिस्टीम मी टाकायची. पंख्यातून इतकी धूळ निघाली की एक उशी भरली असती.

६ मार्च
म्हातारं मशीन भलतंच हट्टी. आधी बॅकअप, मग एकेक आवृत्ती पुढे. थेट उडी मारली तर तोंडावर आपटेन. ताई सारखी चहा आणते आणि विचारते, जुनं सगळं चालू राहील ना? राहील गं बाई, म्हटलं. लहानपणी आईच्या मारातून हिनेच सोडवलंय मला. हिच्यासाठी एवढं तर करणारच.

७ मार्च
पहाटेच सर्व्हर बंद करून अपग्रेडला बसलो. दुपारी आईचा फोन. जावईबापूंचा सकाळचा मेसेज आला नाही, दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. ताईला सांगितलं तर चेहरा पांढराफटक. म्हणाली, जहाजावर रेंज नसेल.
संध्याकाळी मशीन सुरू केलं. दोन मिनिटांत आईचा परत फोन, आला रे मेसेज!

८ मार्च
योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण नवी सिस्टीम रोज आपोआप चालणाऱ्या एका जुन्या कामावर अडली, म्हणून त्याची फाइल उघडली. रोज सकाळी आठला भावोजींच्या नावाने आईला मेसेज. पुढच्या सहा वर्षांचे तयार. लिहिलेत ताईच्या खात्यातून.
मग भावोजी कुठे आहेत?
विचारायचा धीर झाला नाही.

९ मार्च
आणखी एक फोल्डर. ‘खारू’. मला खारू फक्त ताई म्हणते. चार मार्चला बनवलेलं — मी यायच्या आदल्या दिवशी.
आईला मेसेज. माझ्या नावाने, माझ्या फालतू विनोदांसकट. पहिला: ‘आई, परदेशात नोकरी लागली, आजच निघालो!’
मशीन दुरुस्त करणाऱ्याला सगळं कळणार, हे तिला आधीच ठाऊक होतं. तरी मलाच बोलावलं. आणि मी गाढव, ठणठणीत करून दिलं!
ताई, अगं सख्खा भाऊ ना मी —

पहिला मेसेज आजचाच. दुपारी चार. आता पावणेचार. फोन सकाळपासून सापडत नाही. खोलीचं दार उघडत नाही. लॅपटॉपवरून मेसेज पुसायला गेलो — पासवर्ड बदललाय —

चार वाजून गेले. खाली ताईचा फोन वाजला. आईच. ताई सांगतेय, हो ना, अगदी घाईत निघाला, मीच सोडून आले, रडूच आलं गं मला —
घसा फोडून ओरडलो. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.
आई, मी इथेच आहे, वरच्या खो