बोट मी चालवत होते

ती. भाऊजींना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ गेला त्याला तीन महिने झाले. तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात आणि न बोलता परत गेलात. तेव्हापासून तुमच्या मोटरबोटीचा तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही.

लग्नानंतर आम्हाला मिळालेला तो पहिलाच मोकळा दिवस. तळ्यापलीकडच्या गावात चहा घेतला, दुपारी बेटाच्या धक्क्यावर डबा खाल्ला. हे पाण्यात पाय सोडून इतकं बेसूर गात होते की हसता हसता मला ठसका लागला. तेवढं मी पुन्हा कधी हसले नाही.

परतताना मीच हट्ट धरला, "मला चालवू द्या ना!"

"चालव की, तळं काही पळून जात नाही."

आपल्या धक्क्याजवळ मी घाबरले आणि वेग कमी करायचा तो वाढवला. दोन वर्षं खपून तुम्ही बांधलेली बोट दगडी भिंतीवर आदळून फुटली.

"कोण चालवत होतं?" तुम्ही विचारलंत.

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी."

नव्या सुनेला बोल लागू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यावरून तुम्ही दोघं नऊ वर्षं बोलला नाहीत आणि मी गप्प राहिले.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या सकाळच्या लाँचने येऊन तोंडानेच सांगणार आहे. मला हवं तेवढं बोला, भाऊजी. पण त्यांच्यावरचा राग आता सोडा.

तुमच्या घरची,
धाकटी सून