कोचकोरची खिडकी

४ मार्च
ज्या समितीत कुणालाच जायचं नव्हतं, तिथे मला ढकललं! फोनवरून परदेशी गिऱ्हाईक गाठून घरबसल्या माल विकणाऱ्यांसाठी सरकार कायदा करतंय. मसुदा व्यापार मंत्रालयातली तात्तीगुल नावाची बाई करणार, कस्टम्सतर्फे मी बसणार. आमचे साहेब, सापार बाइके, एवढंच म्हणाले — कलम नऊ सोडायचं नाही. म्हणजे विकणाऱ्याने परवाना काढायचा, सहीशिक्क्याचा कागदी करार दाखवायचा आणि प्रत्येक पार्सल तपासायला राजधानीत, बिश्केकला आणायचं. मला तरी यात वावगं दिसत नाही.

७ मार्च
बाई बुटकी, साठीला टेकलेली, आवाज इतका हळू की सगळ्यांना गप्प बसावं लागतं. प्रत्येक कलमाला एकच प्रश्न — हे नसलं तर कुणाचं काय बिघडेल? उत्तर आलं नाही की काट. बँकेचा माणूस दुपारपर्यंत घामाघूम.
रागवावं म्हटलं तर ती कुणाचा अपमानही करत नाही. पंचाईत.

११ मार्च
कलम नऊ अजून शाबूत. डोकं मात्र ठणकतंय.

१५ मार्च
कोचकोर. बाईने समितीला गाडीत घालून इथे आणलं. आसिलकान नावाची बाई घरी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता करते. कॅनडातल्या गिऱ्हाइकाने फोनवर "हो, पाठव" म्हणून लिहिलंय, पैसेही आलेत. तात्तीगुलने सपातांचा जोड माझ्या हातात ठेवला.
"एर्मेक, तुमच्या कलमाप्रमाणे हे पाठवून दाखवा."
मी करार मागितला. आसिलकानने फोन पुढे केला. मी म्हटलं, हा करार नव्हे. ती म्हणाली, "अहो साहेब, ती हो म्हणाली, मी हो म्हणाले. आणखी कुणी हो म्हणायचं राहिलंय?"
सगळे हसले. मी चहा प्यालो. करार आला असता तरी बिश्केक गाठायचं होतंच, आणि बूमच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद. रात्री तिच्याच घरी मुक्काम. तळलेले बोरसोक, पिठाचे गोळे, छान होते.

१६ मार्च
आज माझी पाळी! आसिलकानच्या पार्सलांच्या ढिगात एक जुना शिर्दाक, नमद्याचा नक्षीदार गालिचा, गुंडाळलेला दिसला. शंभरेक वर्षांचा सहज असेल. असल्या जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. ती आधी नाही नाही म्हणाली, मग चिडली — माझ्या आजीचा आहे, मी विकेन नाहीतर जाळेन. मी सगळ्यांसमोर म्हटलं, पाहा, आम्ही तपासायचं म्हणतो ते उगीच नाही.
वाटलं, तात्तीगुल आता वाद घालणार. तिने शिर्दाकावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुमचं खरं आहे. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तपासायला माणूस हवाच. पण मग माणसाने इथे यावं. सगळ्या गावाने बिश्केकला का जायचं?"
मी अख्खं आयुष्य साहेबांत काढलंय. दहा जणांसमोर "माझ्या ध्यानात आलं नव्हतं" म्हणणारा एकही पाहिला नाही.

१९ मार्च
कलम नऊ मीच नव्याने लिहिलं. परवाना नाही. फोनवरची संमती म्हणजे करार. तपासणी विकणाऱ्याच्या गावच्या टपाल कचेरीत, कस्टम्सच्या खिडकीवर. तात्तीगुल एजेंनी — आता मीही त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणतो — वाचलं, एक शब्द खोडला, म्हणाल्या, आता बरं झालं. शाळकरी पोरासारखा आनंद झाला मला!

२ एप्रिल
शेवटची बैठक. सापार बाइके स्वतः येऊन माझ्या मागे बसले. मत विचारलं तेव्हा त्यांचा श्वास मानेवर जाणवत होता. मी "मान्य" म्हटलं. ते उठून गेले.
एजेंनी आभार मानले नाहीत. वाईट वाटलं नाही. मी त्यांच्यासाठी थोडंच केलं होतं?

२७ मे
कायदा झाला. रेडिओवर मंत्र्यांचं भाषण. एजेंचं नाव कुठेच नाही. फोन केला, तर त्या बागेत बटाटे लावत होत्या.

१० जून
बदलीचा हुकूम. कोचकोर, टपाल कचेरी, पहिली खिडकी. सापार बाइकेंनी सूड उगवला. बिश्केकमधलं घर, बायकोचा, जिपाराचा, दातांचा दवाखाना — तिने किती वर्षं घालून गिऱ्हाईक जमवलंय! तिला सांगितलं. ती ताटं उचलून आत गेली.

११ जून
भांडायला गेलो. सापार बाइके म्हणाले, "मी? मी तर तुला सोडणार नव्हतो. चुकलास, पण कामाचा आहेस. नाव तात्तीगुलने दिलं. अडून बसली, हाच माणूस पाहिजे म्हणून."
मला एका शब्दाने विचारलं नाही! ज्यांना इतकं मानलं त्यांनी! तणतणत घरी आलो, जिपाराला म्हटलं, ह्या बाईला माझ्या संसाराची काही पर्वा?
जिपारा पुस्तकं खोक्यात भरत होती. "ती आधी माझ्याकडे आली होती, दवाखान्यात. मी नाही म्हटलं असतं तर तुझं नाव देणार नव्हती."